पिठातल्या टाचा

माझ्या पुतण्याने परवा शाळेसाठी निबंध लिहून आणला. माणूस नवी यंत्रे का शोधतो, असा विषय. जिज्ञासा, प्रगतीची ओढ, मानवसेवा असे मुद्दे क्रमाने घातले होते. अक्षर चांगले होते. मी म्हटले, "यात राग घाल." तो म्हणाला, "काकू, रागाला मार्क नसतात."

नसतील. पण यंत्र शोधणारा एकच माणूस मी जवळून पाहिला आणि त्याच्याकडे जिज्ञासा नावालाही नव्हती. मानवसेवा हा शब्द कोणी त्याच्यासमोर काढला असता तर हातात असेल ते फेकून मारले असते.

मन्मथअप्पा बोरीचे गिरणीवाले. बोरी माझे सासर. हैदराबादवर कारवाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन तिथे गेले. अप्पांची गिरणी आणि आमचे स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत होती. सकाळी पलीकडे इंजन सुरू झाले की आमच्या फळीवरची पितळी भांडी एकमेकांवर वाजायला लागत. सासूबाई म्हणायच्या, "उठला तालुकदार." इंजनाला तालुकदार हे निजामाच्या अंमलदाराचे नाव अप्पांनीच दिले होते. ते पेंड खाणाऱ्या बैलासारखे तेल पिते, काम मनात येईल तेव्हा करते आणि लाथ घातल्याशिवाय ऐकत नाही, असे त्यांचे म्हणणे. लाथ ते खरोखर घालत. पायात वहाण नसली तरी घालत.

माणूस उंच, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. इंजनाजवळ जाताना ती डबी बंडीच्या आत कोंबायचे आणि वरून गुंडी लावायचे. हातात कायम काहीतरी असे : हातोडा, पाना, नाहीतर तराजूची दांडी. या दांडीची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. रझाकारांच्या धुमाकुळात अप्पांचे किराणा दुकान जाळले. अप्पा पळाले नाहीत. जळत्या दुकानातून त्यांनी तराजू ओढून काढला, पारडी तोडून टाकली आणि दांडीने एकाचे डोके फोडले. तो माणूस मेला असे काही म्हणत, जगला असे काही म्हणत. अप्पा विषयच काढत नसत.

पुढे फौज आली, आणि गावातल्या काही पोरांना उलट्या बाजूचा चेव चढला. ती महेबूब मिस्त्रीच्या घरावर चालून गेली. महेबूब अप्पांचे इंजन चालवायचा, त्यांच्याच वयाचा. पोरे गेली तर दारात अप्पा बसलेले, मांडीवर तीच दांडी.

"ह्यो मव्हा माणूस हाय," अप्पा म्हणाले. "ह्याला मारायचं आसंल तर मी मारीन."

आणि ते मारायचेही. पाना वेळेवर दिला नाही म्हणून पाठीत, पट्ट्याला राळ कमी लावली म्हणून खांद्यात. महेबूब सासूबाईंना सांगायचा, "गयाबाई, त्या रोजी पोरायनं मारलं आसतं तर एकदाच मारलं आसतं." हे सांगताना तो हसायचा. त्याने ती नोकरी कधी सोडली नाही.

गिरणीची रचना सांगायला हवी. आतल्या खोलीत इंजन, बाहेरच्या खोलीत दळायचे दगड. मधल्या भिंतीला मोठे भोक आणि त्यातून रुंद पट्टा आलेला, गुडघ्यापासून कमरेच्या उंचीपर्यंत सतत पळणारा. पट्टा जिथे जोडलेला तिथे लोखंडी चिमट्यांचा सांधा. दर फेऱ्याला तो सांधा टक् करून वाजायचा. आम्ही बायका डबे घेऊन त्या पट्ट्याच्या बाजूलाच उभ्या राहायचो, कारण उभे राहायला दुसरी जागा नव्हती.

गोदावरी अप्पांची सून. शिवाची बायको, वालूरची. लग्नाला वर्ष झाले नव्हते. त्या दिवशी अप्पांची भाकरी घेऊन गिरणीत आली होती आणि ते दिसेनात म्हणून माझ्याशी बोलत थांबली. तिच्या माहेरी एक चुलती होती, ती बोलताना तोंडात तंबाखू असल्यामुळे कशी बोलते, त्याची नक्कल करत होती. नक्कल चांगली होती.

तेवढ्यात आतल्या दारातून अप्पा आले. महेबूबवर ओरडतच आले.

सासऱ्यासमोर सुनेने काय करायचे हे आम्हाला कोणी बसवून शिकवत नसे, ते अंगातच असे. पदर नाकापर्यंत ओढायचा, मान खाली घालायची आणि मागे सरायचे. पाठ फिरवायची नाही, पाठ दाखवणे म्हणजे अपमान. मागे काय आहे ते वळून बघायचे नाही. मीही पदर ओढला आणि मागे सरले. माझ्या मागे भिंत होती. तिच्या मागे पट्टा होता.

सांध्याने पदर धरला. नऊवारी लुगडे काष्टा घालून कमरेला आवळलेले असते, ते सुटून येत नाही. अप्पा ओरडले आणि महेबूबने तेल तोडले. पण तेल तोडले म्हणून इंजन थांबत नाही. त्याचे चाक जड असते, ते आपल्या वजनाने फिरत राहते, आणि ते फिरते तोवर पट्टा फिरतो. अप्पांनी पट्टा दोन्ही हातांनी धरायचा प्रयत्न केला, तळहातांची साल निघाली. जे झाले ते मी लिहिणार नाही. चाक थांबले तेव्हा भिंतीवर बसलेले पीठ पांढरे राहिले नव्हते.

त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. खड्ड्याच्या काठावर सगळ्या गावासमोर शिवा बापाला म्हणाला, "तुमी आलाव म्हणून ती मागं सरली."

अप्पांनी त्याच्या थोबाडीत मारली. हाताला चिंध्या बांधलेल्या होत्या, त्यातून रक्त पोराच्या गालाला लागले. शिवाने ते पुसले नाही. तसाच चालत निघाला आणि परभणीला गेला. तिथे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामाला राहिला, बोरीला परत आला नाही.

अप्पा घरी न जाता गिरणीत गेले. भिंतीपलीकडून आम्हाला घणाचे आवाज येत राहिले. इंजनाची तेलाची टाकी फोडली, बाहेरचे पत्रे फोडले, महेबूब आडवा गेला तर त्याच्या खांद्याचे हाड मोडले. आमची भांडी फळीवरून एकेक करून खाली पडली. सासूबाईंनी ती उचलली आणि त्या दिवशी परत फळीवर ठेवली नाहीत.

गिरणी बंद झाली. आम्ही पुन्हा जात्यावर आलो. महिने गेले. मग ऐकले की अप्पांनी इंजन दुरुस्त करायला घेतलेय आणि पट्ट्यासाठीही काही खटपट चालवलीय. महेबूब एका हाताने त्यांना पाने देत होता.

आपापल्या परीने प्रत्येकाला कारण माहीत होते. दुकानदार म्हणाले, दळण बंद झाल्यावर पोटाला काय, बायकांची भीती घालवायचा काहीतरी उपाय काढणार. मास्तर म्हणाले, अप्पांना नाव हवेय. सासूबाई म्हणाल्या, पाप फेडायलाय. त्यांनी हे अप्पांना तोंडावर विचारलेही.

"पाप कशाचं?" अप्पा म्हणाले. "मला त्यो पट्टा मेलेला बघायचाय. पळत आसताना मेलेला."

"मग कूड घाला की त्याच्या आडवा."

"कूड घालून त्यो पलीकडं पळतच ऱ्हाणार ना, गयाबाई? कुडाच्या फटीतून पदर गेला की मंग? मला त्याला मारायचाय."

हे अगदी खरे होते. मी पुढे अनेक वर्षे विचार केला तरी यापेक्षा नेमके कारण मला सापडले नाही. ज्याने सून नेली त्याला मारायचे. तो कातड्याचा पट्टा होता, ही अप्पांच्या दृष्टीने किरकोळ बाब होती.

त्यांनी जे केले ते असे. फुटलेल्या जात्याचा अर्धा दगड आढ्याला टांगला. त्याखाली बाभळीचा जाड दांडा, एका टोकाला फाटा, तो पट्ट्याच्या कडेला टेकलेला. दगड एका खुंटीने अडवलेला आणि खुंटीला दोरी. दोरी ओढली की खुंटी निघायची, दगड दांड्यावर पडायचा आणि दांड्याचा फाटा पट्ट्याला इंजनाच्या चाकावरून हाणून पाडायचा. इंजन पळत राहिले तरी पट्टा मेला.

सांगायला सोपे आहे. करताना दोरी तुटली, दांडा मोडला, एकदा खुंटी आपोआप निघून दगड अप्पांच्या पायावर आला आणि दोन बोटे गेली. पट्टा नीट सुटतो का हे बघायला त्यांनी कडब्याची बाई केली, तिला लुगडे नेसवले आणि पट्ट्याला दिली. सांध्याने तिला ओढून नेली. कडब्याचा भुगा आमच्या अंगणापर्यंत उडाला. मग दुसरी बाई. मग तिसरी. अप्पांच्या बायकोची लुगडी संपली तेव्हा त्या सासूबाईंकडे येऊन रडल्या, "ह्या कडब्याच्या रांडा मव्ह्यापरीस भारी नेसायल्यात." नंतर गोणपाट नेसवायला लागले.

एकदा पट्टा सुटला तो सरळ अप्पांच्या तोंडावर. चिमट्यांचा सांधा डाव्या डोळ्यात गेला. महेबूब त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेत होता, अप्पा तोंडावर फडके दाबून आडवे पडलेले. आमच्या दारावरून गाडी गेली तेव्हा ते महेबूबला म्हणत होते, "सुटला तर खरा. पायलास का? सुटला."

एक डोळा गेला. दुसऱ्याने काम चालू.

गिरणी सुरू झाली आणि आम्ही परत गेलो. जात्यावर दळून खांदे भरून आलेले, दुसरे काय करणार? अप्पांनी दोरी बायका उभ्या राहतात तिथे डोक्यावरून नेली होती. कोणी अडकले की कोणीही दोरी ओढायची, असे सगळ्यांना ओरडून सांगितले. मग एके दिवशी काही न सांगता आतून कडब्याची बाई पट्ट्यावर टाकली आणि स्वतः दारात येऊन गरजले, "ओढा."

आम्ही पाच-सहा जणी होतो. कोणी दोरी ओढली नाही. सगळ्यांचे हात पदराला गेले होते. दोरी डोक्यावर होती. सासऱ्याच्या वयाच्या माणसासमोर हात वर करून अंगावरचा पदर ढळू देईल अशी बाई बोरीत नव्हती.

कडब्याची बाई गेली. अप्पांनी एकीचा ज्वारीचा डबा लाथेने उडवला, दुसरा भिंतीवर आपटला. "हात न्हाईत का तुमाला? मरा मंग. मरा समद्या."

बोलता बोलता ते थांबले. एका डोळ्याने खाली बघायला लागले. गिरणीत जमिनीवर पिठाचा थर असतोच. त्यात आमच्या सगळ्यांच्या टाचा उमटल्या होत्या, मागे मागे गेलेल्या.

खोलीच्या कोपऱ्यात, पट्ट्याजवळ, तीन टोपल्या उपड्या पडलेल्या असत. त्या हलवायला महेबूबलाही बंदी होती. का, ते आम्हाला माहीत नव्हते. अप्पांनी त्या दिवशी त्या उचलल्या. खाली जुने, करपट रंगाचे पीठ होते आणि त्यात गोदावरीच्या टाचा होत्या. दारासमोरून पट्ट्यापर्यंत, उलट्या.

त्या दिवसापासून अप्पांनी जे सुरू केले त्याने गाव पेटले. ते मुद्दाम आतल्या दारातून गिरणीत यायचे, खाकरायचे, आम्ही मागे सरलो की वाकून आमच्या पायांकडे बघायचे. राखेने खुणा करायचे. उंच बाई किती मागे जाते, बुटकी किती, डोक्यावर डबा असला तर किती. तोंडाने काही सांगायचे नाहीत. घरी सासूबाई म्हणाल्या, "मन्मथ याडा झाला. बायकायचे पाय बघायलाय." हे विहिरीवर गेले, तिथून पारावर.

किसनराव म्हणून मोठे शेतकरी होते. त्यांची सून अनुसया घरी जाऊन रडली. किसनराव दोन माणसे घेऊन आले आणि भर बाजारात अप्पांना काठीने मारले. अप्पांनी त्या दिवशी हात उचलला नाही. हे गावाला फार विचित्र वाटले. डोके दोन्ही हातांनी झाकून बसले आणि म्हणत होते, "मारा. मव्हं चार दिसाचं काम ऱ्हायलंय, हात तेवढे मोडू नका." महेबूब मध्ये पडला तर त्याच्या मोडून जुळलेल्या हाडावर पुन्हा काठी बसली. तो नंतर म्हणाला, दोन्ही बाजूंनी मार खायची त्याला आता सवय झाली.

काम म्हणजे हे : अप्पांनी डोक्यावरची दोरी काढून टाकली. पट्ट्याच्या हातभर अलीकडे, नडगीच्या उंचीवर, तीच दोरी ताणून बांधली. मागे सरणाऱ्या बाईची पिंडरी तिला लागणार, लागली की खुंटी निघणार. कोणी हात उचलायचा नाही, कोणी ओरडायचे नाही, कोणी वळून बघायचे नाही. आम्ही जे करत होतो तेच करत राहायचे.

सुरुवातीला दगड उगीचच पडायचा. कोणाचा डबा लागायचा, एकदा शेळी शिरली. दरवेळी अप्पा आईमाई काढत दगड परत वर चढवायचे. आमची भांडी सासूबाईंनी आता खालीच ठेवायला सुरुवात केली होती.

सुगी संपली तेव्हाची गोष्ट. मी घरात भाकरी करत होते. पलीकडे दगड पडला, तो नेहमीसारखाच. पण नंतर अप्पांच्या शिव्या आल्या नाहीत. इंजन रिकामे झाल्यावर करते तसे भरधाव ओरडत होते, आणि त्यातून फाट फाट असा दुसरा आवाज. मी हात तसेच घेऊन गेले.

अनुसया पिठात बसलेली होती. पदर नाकापर्यंत, मान खाली. पदराचे टोक सांध्याने चावून फाडले होते, हातभर. बाकी तिला काही झाले नव्हते. दारात किसनराव उभे. घरी पाहुणे आले म्हणून सुनेला बोलवायला आले होते, नेमके आतल्या दारातून.

आणि अप्पा पट्ट्याला मारत होते. पट्टा जमिनीवर लोळागोळा पडला होता, ते तराजूच्या दांडीने त्याला हाणत होते. "आता? आता पळ की. पळ." दांडी दोन ठिकाणी वाकली. महेबूबने जाऊन इंजन बंद केले तरी ते मारतच होते. मग दम लागला. वर बघितले तर किसनराव.

"काठी आणली न्हाई का आज?" अप्पा म्हणाले.

किसनरावांनी पागोटे काढले. अप्पांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि दगड चढवायला घेतला.

कोणीतरी परभणीला शिवाला निरोप दिला, पट्टा थांबला म्हणून. त्याचा उलट निरोप आला, "आता थांबून काय उपेग." अप्पांनी तो ऐकून घेतला आणि निरोप सांगणाऱ्याच्या अंगावर पाण्याची बादली फेकली. पुढच्याच आठवड्यात दांडा, दगड, दोरी गाडीत घालून वालूरला गेले, गोदावरीच्या माहेरगावी. तिथला गिरणीवाला असले लचांड लावून घ्यायला तयार नव्हता. अप्पांनी कुऱ्हाडीने त्याचा पट्टा तोडला. म्हणाले, नवा आणशील तवा ह्यो दांडा बसवूनच आण. मारामारी झाली, गाव जमले, पण दांडा बसला. आजूबाजूच्या गिरण्यांतही तो गेला, काही ठिकाणी विनंतीने, बहुतेक ठिकाणी असाच.

परभणीहून एक साहेब बघायला आले होते. त्यांनी दगड पाडून बघितला, खूश झाले. विचारले, "अप्पा, हे सुचलं कशामुळं?"

"राग आला."

"म्हणजे बायकांची काळजी वाटली, असंच ना?"

"काळजी वाटल्यावर माणूस रडतंय," अप्पा म्हणाले. "रडून त्यो दगड वर जात न्हाई."

साहेबांनी काय लिहून घेतले कोणास ठाऊक. बहुधा काळजी लिहिली असेल.

महाराष्ट्र झाला त्या साली माझ्या नवऱ्याला परभणीला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटचे दळण घेऊन गिरणीत गेले. आणखी दोघी होत्या, दोन्ही नव्या सुना. दळण पडत होते. आतले दार उघडले आणि अप्पा दिसले. पाठ वाकलेली, हातात हातोडा, तोंडात महेबूबसाठी शिवी अर्धी झालेली. आमचे तिघींचे हात पदराला गेले.

"हात खाली," ते खेकसले.

आम्ही थबकलो. त्यांनी एका डोळ्याने आमच्याकडे, मग आमच्या मागच्या दोरीकडे पाहिले. दगड जागेवर होता, दोरी ताठ होती, कोणी मागे सरले असते तरी काही होणार नव्हते. हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होते. तरी ते पुढे आले नाहीत. आमच्याकडे तोंड ठेवून तेच मागे सरले. उंबऱ्याची पायरी टाचेने चाचपली, खाली उतरले आणि दार ओढून घेतले.

पलीकडे महेबूबला एक दणका बसल्याचा आवाज आला.

माझे दळण झाले. मी डबा उचलला. आतल्या दाराशी पिठात त्यांच्या टाचा उमटल्या होत्या, एका पायाला दोन बोटे कमी. मी त्या न मोडता, बाजूने वळून बाहेर आले.